लसूण पडण्याआधीचा वाटा

सुवर्णाच्या सकाळच्या स्वयंपाकात एक गोष्ट कधी चुकत नसे. डाळ शिजली की फोडणीचा लसूण सोलायच्या आधी पळीभर साधं वरण ती लहान वाटीत काढून घ्यायची. पहिली पोळी उतरली की तिचा चतकोर त्यावर ठेवायचा, आणि वाटी न्यायची देवघरात, डाव्या कोपऱ्यात, आशापुढे. मग हात धुऊन लसूण. तिथून पुढचं सगळं घरातल्या जित्या माणसांचं.

त्या गुरुवारी वाटी हातात होती आणि दाराची कडी वाजली. माघातली सकाळ, मखमलाबादच्या मळ्यांवर धुकं अजून बसलेलं. दिनेश, तिचा नवरा, शेवंतीचे करंडे घेऊन कधीच फुलबाजारात गेला होता. दूधवाला येऊन गेलेला. आता कोण, म्हणत तिने वाटी हातात तशीच धरून दार उघडलं.

दारात कुसाबाई उभ्या होत्या, आशाच्या आई. विंचूरहून पहिल्या एसटीने आलेल्या, डोक्यावरून शाल, काखेत पिशवी, आणि उजव्या डोळ्यात दुधाचा थेंब पडावा तसा पांढरा ठिपका.

पडदा आलाय डोळ्यावर, डॉक्टर उद्या कापतो म्हणाला, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं. लेकीचं घर शहराच्या अंगाला असताना दवाखान्याच्या फरशीवर कशाला पडू? बोलता बोलता दुसऱ्या डोळ्याने त्यांना सुवर्णाच्या हातातली वाटी दिसली. तशा त्या झटकन बाजूला सरल्या.

“ठेव, ठेव. तिचं होऊ दे आधी. माझं काय, मी हाय बसलेली.”

आता हे घर समजायचं तर आशा कोण ते सांगायला हवं. आशा म्हणजे दिनेशची पहिली बायको. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत काविळीने गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर दिनेशचं दुसरं लग्न ठरलं ते सुवर्णाशी. बी.ए. झालेली, सिन्नरकडची, बापाविना मामाकडे वाढलेली. सगळं सांगूनसवरून झालं होतं, फसवलं कुणी नव्हतं. लग्न होऊन दाराशी आली, माप ओलांडायला पाऊल उचललं, तेव्हा सासूबाईंनी, चिमणाबाईंनी, तिला थांबवलं आणि चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली नखाएवढी बाई तिच्या ओंजळीत ठेवली. सवतीचा टाक. आधी ती आत जाईल, मग तू. सुवर्णाने ती बाई हातात धरून उंबरा ओलांडला, आणि त्या दिवसापासून त्या घरात तिचा नंबर दुसरा लागला.

साडी नवी आली की पहिली घडी आशाच्या पाटावर. हळदकुंकू वाहायचं, मग ती अंगाला लावायची. बांगड्या, गजरा, हंगामातला पहिला आंबा, सगळ्याला तोच नियम. मिक्सर आणला तेव्हा पहिली चटणी आशाला. स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर तर तिचं नाव कोरलेलंच होतं. कळशीवर आजोळकडून, परातीवर मामांकडून, पोळ्यांच्या डब्यावर मैत्रिणींकडून, चि. सौ. कां. आशा हीस सप्रेम भेट. सुवर्णा भांडी घासायची तेव्हा ती अक्षरं बोटांखाली लागायची. कितीही राख लावा, पुसट होत नाहीत.

तिला आशाचा राग होता असं मात्र नाही. मेलेल्या बाईवर काय रागवायचं? आणि कुसाबाईंनी तर तिच्यावर मायाच केली. लग्नात त्या मुलीकडच्या बाजूला येऊन बसल्या, सुवर्णाची ओटी भरली, आणि तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, एक गेली, देवाने एक दिली. तेव्हापासून दर दिवाळीला विंचूरहून साडीचोळी यायची. स्वतःची आई तिला आठवत नव्हती, म्हणून ती कुसाबाईंना आई म्हणू लागली ते मनापासून. पुढे मूल काही झालं नाही. गल्लीतल्या बायकांनी हळूच डावा कोपरा दाखवला. कुसाबाईंनीच एका हळदीकुंकवाला त्या बायकांना सुनावलं, माझी लेक अशी नाय, तिने कधी मुंगीचं वाईट चिंतलं नाय. सुवर्णाला त्या दिवशी बरं वाटलं. मग रात्रभर हाच विचार, की बाजू आपली घेतली का तिची.

चिमणाबाई गेल्या त्यानंतरच्या हिवाळ्यात सुवर्णाने गंगापूर रोडला एका बाईंकडे स्वयंपाकाचा वर्ग लावला. बिनअंड्याचा केक, पिझ्झा, असलं काहीबाही शिकवायच्या. एक दिवस पास्ता शिकवला. घरी येऊन तिने तो केला आणि दिनेश म्हणाला, ह्या नळ्या कुठल्या प्लंबरकडून आणल्या? मग दोनदा वाढून घेतला.

करायला सोपा. मळ्यातले लाल टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून साली ओढायच्या. मिठाच्या पाण्यात नळ्या शिजवायच्या, आणि भाताची पेज जशी कुणी टाकत नाही तसं ते पाणी वाटीभर राखून ठेवायचं. कढईत तेल, त्यात खलबत्त्यात ठेचलेला लसूण, एक सुकी मिरची. लसूण सोनेरी झाला की टोमॅटो, मग नळ्या, मग ते पाणी, शेवटी वर्गातल्या क्रीमच्या ऐवजी दुधावरची जाड साय आणि किसलेलं चीज. मऊ, आंबटगोड, गरम. थंडीत पोटात गेलं की कुणीतरी पाठीवर गोधडी टाकल्यासारखं वाटतं.

पहिल्याच दिवशी वाटी काढायला गेली आणि तिचा हात थांबला. ह्यात लसूण सुरुवातीलाच पडलेला. लसणाचं देवघरात चालत नाही, हा नियम खुद्द चिमणाबाईंचा. म्हणजे हे आशाला ठेवताच येणार नव्हतं.

नळ्या शिजल्यावर चार बाजूला काढता आल्या असत्या. तिला ते कळत होतं. तिने काढल्या नाहीत.

मग दर शनिवारी संध्याकाळी पास्ता व्हायचा, आणि लसूण वर्गात सांगितला होता त्याच्या दुप्पट. कढई तिने स्वतः जाऊन आणली. नाव काय घालू, दुकानदाराने विचारलं, तर म्हणाली, काही नको. त्या एका जेवणात ताटल्या दोनच. दिनेशला हे कळलं होतं का? कळलं असणारच. शनिवारी तो देवघराकडे पाठ येईल असा बसायचा आणि वर्षानुवर्षं त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

पण शनिवारी तिला दुसरंच काही जाणवू लागलं. एरवी कधी नाही, फक्त लसूण तेलात पडला की. पाठीमागे, ओट्यापासून दोन हात अंतरावर, कुणीतरी येऊन थांबायचं. पावलं वाजायची नाहीत, बांगडी वाजायची नाही. वळून पाहिलं तर परात, कळशी, डबा. धमकावल्यासारखं त्यात काही नव्हतं. लग्नघरात पंगत बसताना ओळख नसलेली एखादी बाई भिंतीला टेकून, कुणी बोलावतंय का पाहत उभी राहते, तसं. भीतीची सवय झाली असती. ह्याची झाली नाही. ती घाईघाईने पास्ता उतरवायची आणि मोठ्याने म्हणायची, चला, जेवायला चला, म्हणजे दिनेशला.

शुक्रवारी कुसाबाईंचा डोळा झाला. दिनेशने गाडी करून नेलं, आणलं. जोर लावून काही चावायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. शनिवारी दुपारी दिनेश मालेगावला एका लग्नाच्या मंडपाची फुलं घेऊन गेला आणि संध्याकाळी त्याचा फोन आला, हार अजून गुंफतायत, मुक्कामच पडेल.

डोळ्याला पट्टी बांधून कुसाबाई स्वयंपाकघरातच भिंतीशी टेकून बसल्या होत्या. दिवेलागणीनंतर दुसऱ्या डोळ्यालाही फारसं दिसत नव्हतं. सुवर्णाने मऊ खिचडी टाकायची ठरवलं होतं. तांदूळ धुवायला घेतले आणि ठेवून दिले. शनिवार होता. आठवडाभर ती ज्याची वाट बघायची ते एकच जेवण होतं. पास्ता मऊच असतो की, ती स्वतःशी म्हणाली, आणि नळ्यांचं पाकीट खाली काढलं.

कुसाबाई आवाजांवरून माग ठेवत होत्या. हे काय शिजतंय, शेवया का, मग एवढं पाणी कशाला. सुवर्णा सांगत होती. लसूण तेलात पडला तशी त्यांनी मान वर केली आणि हसल्या. सुवर्णाच्या पाठीला ते अंतर जाणवलंच, दोन हातांचं. आज मागे खरंच एक माणूस बसलेलं आहे, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली. पण कुसाबाई बसल्या होत्या डावीकडे.

तिने दोन ताटल्या मांडल्या, वाढलं, कुसाबाईंच्या हातात चमचा दिला. त्यांनी तो ताटलीत तसाच टेकवला.

“दोनच ताटल्या वाजल्या. तिला ठेवलंस का?”

“आई, ह्यात लसूण आहे. देवघरात चालत नाही. सासूबाईंचा नियम.”

“चिमणाबाईला काय ठाव?” कुसाबाई म्हणाल्या. “आशी माझी लसणाचा अख्खा गड्डा चुलीत भाजून खायची. शाळंत पोरी जवळ बसत नव्हत्या, तोंडाचा वास येतो म्हनून. तिला लसूण चालतोय. ठेव तू.”

सुवर्णाने इतकी वर्षं लावून घेतलेलं दार त्या बाईने जागेवर बसून, हसत, एका बोटाने ढकललं होतं. आणि दार उघडायला ह्या जगात हक्काचं माणूस होतं ते तेवढंच.

कुसाबाईंना वाटलं, ती वाटी आणायला उठली. म्हणून त्या आपल्या आपण बोलत राहिल्या.

“सपनात येती माझ्या. लय नाय येत. शनवारीच येती, का ते देवाला ठाव. दाराशी उभी ऱ्हाती. रडत नाय, बोलत नाय. हातात ताटली आसती, रिकामी. मी म्हनते, आगं ये, बस. तर आत येत नाय. मला वाटतं, माझ्या घरचं नको आसंल तिला. तिच्या घरचं हवं आसंल.”

गॅस बंद होता तरी कढईत सायीचे बुडबुडे अजून हळूहळू फुटत होते. सुवर्णा उठली. तिने वाटी घेतली, तीत चमचाभर वाढलं, देवघरापर्यंत गेली. निरंजनाच्या उजेडात चांदीची नखाएवढी बाई, तिला नाकडोळे नीट कोरलेले नाहीत, नुसते ठोके आहेत. तरी ती वाटीकडे बघतेय असं वाटलं. सुवर्णाने हात खाली नेला. अर्ध्यात थांबला. मागे कुणी नव्हतं, हे तिला स्वच्छ कळत होतं. जे होतं ते आता समोर होतं, आणि त्याला भूक होती. किती साधी गोष्ट. चार नळ्या. त्या ठेवल्या की शनिवारचं ते पाठीमागचं उभं राहणं संपेल, म्हाताऱ्या आईला सुखाची झोप लागेल, सगळ्यांचं भलं होईल. आणि मग ह्या घरात सुवर्णाचं असं काय उरेल, हे तिने आठवून पाहिलं. कुठूनही सुरुवात केली तरी ते त्या वाटीपाशी येऊन संपत होतं.

ती वाटी घेऊन परत आली आणि कुसाबाईंच्या समोर मांडी घालून बसली. त्यांचा हात हातात घेतला. हात थंड होता, कातडी सैल. त्यांनी पट्टीचा चेहरा तिच्याकडे वळवला आणि थांबून राहिल्या, कारण वाटी टेकल्याचा आवाज देवघरातून आला नव्हता.

“आई,” सुवर्णा म्हणाली, “बाकी सगळं तिला आधी देते, पुढेही देईन. हे एक जेवण तिला ठेवायला मला सांगू नका.”