गाडीचं दुखणं लिहून घेणाऱ्या ताई

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ताई लागल्या तेव्हा त्यांना गाडीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. टायपिंग येत होतं, अक्षर सुबक होतं, आणि आधीचा माणूस एका गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडून नोकरी सोडून गेला होता. तेवढ्या भांडवलावर त्यांची नेमणूक झाली.

काम साधं होतं. सकाळी नऊला गाड्या यायच्या. मालक काउंटरशी येऊन गाडीचं दुखणं सांगायचा. ताईंनी ते पिवळ्या जॉबकार्डावर लिहायचं आणि मागच्या खिडकीतून वर्कशॉपमध्ये सरकवायचं. आधीचा माणूस सरसकट एकच वाक्य लिहायचा : ‘इंजिन आवाज करते.’ त्यावर हेडमेकॅनिक, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणत, ते खिडकीतूनच ओरडायचे, “आवाज करणार नाही तर काय अंगाई गाईल?”

ताईंच्या पहिल्याच दिवशी एक बेकरीवाला त्याची पाव पोचवायची व्हॅन घेऊन आला. म्हणाला, “ताई, सकाळी ती खिक् खिक् खिक् करते, मग जरा विचार करते, आणि मग एकदम भुस्स!” ताईंना दुसरं काही सुचेना. त्यांनी जसंच्या तसं लिहिलं : ‘सकाळी खिक् खिक् खिक्, थोडा वेळ शांत, मग भुस्स.’

पाच मिनिटांत मिस्त्री कार्ड हातात घेऊन स्वतः बाहेर आले. पहिल्याच दिवशी गेली नोकरी, त्यांना वाटलं.

“हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“बॅटरी उतरलीय आणि सायलेन्सर फुटलाय,” मिस्त्री म्हणाले. “गाडीला हात लावायच्या आधी कळलं मला. असंच लिहीत जा.”

मग ताई तसंच लिहीत गेल्या, सत्तावीस वर्षं. हळूहळू विचारायचं कसं तेही कळलं. आवाज थंड इंजिनाला येतो की तापल्यावर? गाडी उभी असताना येतो का? चढावर वाढतो का? टाय लावलेले, इस्त्रीच्या कडा मोडू नयेत म्हणून जपून बसणारे मोठमोठे अधिकारी त्यांच्यासमोर मान वर करून ‘गुर्रर्र’ करून दाखवायचे आणि मग इकडेतिकडे बघायचे. एकदा एका नवरा-बायकोचं काउंटरवरच जुंपलं. तो म्हणे टक टक, ती म्हणे टिक टिक. ताईंनी दोन्ही लिहिलं : ‘साहेबांच्या मते टक टक, बाईंच्या मते टिक टिक.’ संध्याकाळी कार्ड परत आलं, त्यावर मिस्त्रींचा शेरा होता : ‘बाई बरोबर.’

घरी सासूबाई वाटच बघत असायच्या. ताईंनी चपला काढल्या न काढल्या, की प्रश्न यायचा, “आज कोणती गाडी कशी रडली गं?” ताई पदर खोचून आवाज काढून दाखवायच्या आणि सासूबाई हसून हसून डोळे पुसायच्या. सासूबाई आयुष्यात मोजून चारदा मोटारीत बसल्या असतील. पण पुढे पुढे त्या स्वयंपाकघरातून निदान करायला लागल्या, आणि दहातलं एखादं बरोबरही यायचं.

त्या सगळ्या वर्षांतलं एक गिऱ्हाईक मात्र ताईंच्या मनात घर करून राहिलं.

ते गृहस्थ एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. वर्कशॉपमध्ये त्यांना प्रुफवालेच म्हणत. साठीच्या जवळ आलेले, खिशाला लाल पेन. इतर लोक आवाज काढायचे. प्रुफवाले तक्रार घरूनच लिहून आणायचे, स्वल्पविराम, अर्धविरामांसकट. ताईंनी लिहिलेलं कार्ड ते उलटं असतानाच वाचायचे आणि म्हणायचे, “ताई, ‘दुरुस्ती’. रु ऱ्हस्व.” ताईंना आधी राग यायचा. मग गंमत वाटायला लागली.

त्यांची गाडी जुनी, छोटी, पण पोरीसारखी जपलेली. अकरा वर्षांत सर्व्हिसिंगशिवाय कधी आली नव्हती. त्या वर्षी मात्र दोन महिन्यांत दोनदा आली. तक्रार एकच : ‘गाडी धक्के देते, मागून काळा धूर येतो, सिग्नलला उभी राहिली की इंजिन थरथरून बंद पडते.’ मिस्त्रींनी प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, एअर फिल्टर नवा घातला. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. प्रुफवाले घेऊन गेले आणि तीन आठवड्यांनी तीच तक्रार घेऊन परत हजर.

या खेपेला मिस्त्रींनी ती चार दिवस ठेवून घेतली आणि स्वतः फिरवली. एक धक्का नाही, धुराचा मागमूस नाही. साहेब, म्हणजे सर्व्हिस मॅनेजर, वैतागले. “म्हाताऱ्याला भास होतात. समजूत काढून पाठवून द्या.”

“काजळी भासाने जमत नाही साहेब,” ताई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच साहेबांना उलटून बोलल्या होत्या. “मी एकदा त्यांच्याबरोबर बसून येते. त्यांच्या घरापासून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ताई प्रुफवाल्यांच्या दारात उभ्या राहिल्या. पहिल्या मजल्यावरचं घर. कठड्यावर कुंड्या होत्या, निम्म्या सुकलेल्या. त्यांनी ताईंसाठी गाडीचं दार उघडलं, सीटवरची रिकामी कापडी पिशवी उचलून मागे ठेवली आणि गाडीत बसले.

त्या काळी थंड इंजिन चालू करायला चोक ओढावा लागे. डॅशबोर्डच्या मधोमध एक छोटा काळा नॉब असायचा. तो ओढला की इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. इंजिन तापलं की नॉब परत आत ढकलायचा. प्रुफवाल्यांनी चोक ओढला, किल्ली फिरवली, गाडी झटक्यात चालू झाली. पहिलं वळण गेलं, दवाखान्याचा कोपरा गेला, बाजार गेला. पेट्रोलचा वास यायला लागला. सिग्नलला गाडी थांबली आणि थरथरायला लागली.

“बघा! हेच!” प्रुफवाले जवळजवळ आनंदाने म्हणाले.

ताई नॉबकडे बघत होत्या. तो अजून बाहेरच होता.

“काका, हा आत नाही ढकलत तुम्ही?”

“कोणता? चोक? तो जातो ना आपोआप.”

“आपोआप कसा जाईल?”

“म्हणजे काय? अकरा वर्षं जातोय,” ते म्हणाले. “दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला असतो.”

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. ताईंनी हात लांब करून नॉब आत ढकलला. दोनचार क्षणांत इंजिन शांत झालं. प्रुफवाल्यांनी गाडी पुढे नेऊन कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

“तुमच्या शेजारी कोण बसायचं?” ताईंनी हळूच विचारलं.

“बायको. तिची शाळा माझ्या वाटेवर. रोज बरोबर निघायचो. मे महिन्यात गेली ती.”

ताईंची नजर परत नॉबकडे गेली.

“दवाखान्यापाशी ती पुढे वाकायची,” प्रुफवाले म्हणाले. “रोज. मला वाटायचं, पायाशी ठेवलेली पिशवी सरळ करते.” मग त्यांना आणखी काही आठवलं. “गाडी घेतली तेव्हा शोरूममधला माणूस सगळं समजावून सांगत होता. मी त्यांची माहितीपुस्तिका वाचत होतो. फार चुका होत्या हो तिच्यात. ऐकत ती होती.”

“आणि बोलल्या नाहीत कधी?”

“बोलली असेल. नाहीतर मी चिडेन म्हणून गप्प राहिली असेल. दुसऱ्याची चूक काढायची सवय मला, माझी कोणी काढलेली चालत नसे.” त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, बराच वेळ पुसत राहिले. ताई खिडकीबाहेर बघत बसल्या. चष्मा परत लावून ते म्हणाले, “चला, तुम्हाला कामावर उशीर होईल.”

वर्कशॉपमध्ये मिस्त्रींना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. “आम्ही सगळ्यांनीच तो ढकलला असणार की! चालवताना हात आपसूक जातो.” साहेबांनी विचारलं, बिघाड काय निघाला? ताईंनी कार्डावर लिहून ठेवलं होतं : ‘चोक नीट केला. गाडी उत्तम आहे.’ ‘दुरुस्ती’ हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला होता. चुकला असता तर तो दाखवून द्यायला प्रुफवाले तिथे नव्हते; ताईंना दारात सोडून ते छापखान्यात गेले होते.

प्रुफवाल्यांनी ती गाडी पुढे सहा वर्षं चालवली. कुंड्याही परत हिरव्या झाल्या, असं त्यांनीच एकदा येऊन सांगितलं. मग नजर कमी झाली तशी त्यांनी गाडी पुतण्याला दिली, पण ताईंच्या काउंटरवर महिन्यातून एकदा येऊन बसायचे, सेंटरची छापील पत्रकं लाल पेनने तपासून द्यायचे. शेवटी साहेबांनीच त्यांना विचारून पत्रकं छापायला सुरुवात केली.

नंतर कार्डं गेली, कॉम्प्युटर आला, गाडीला वायर जोडून दुखणं स्क्रीनवर दिसायला लागलं. मिस्त्री निवृत्त झाले, दोन वर्षांनी ताईही.

परवा भाचीने तिची नवी गाडी सर्व्हिसिंगला नेताना ताईंना सोबत घेतलं. गार हवा, मऊ सोफे, कॉफीचं यंत्र. काउंटरवरच्या मुलीने काहीच विचारलं नाही; गाडीने सगळं आधीच फोनवरून कळवलं होतं. भाची कॉफी आणायला गेली. शेजारच्या सोफ्यावरचे एक टक्कल पडलेले गृहस्थ ताईंकडे निरखून बघत होते.

“तुम्ही कार्डवाल्या ताई ना?” त्यांनी विचारलं. “माझी टॅक्सी असायची, हिरवी. तिच्या इंजिनाला उचकी लागायची बघा.”

“लागायची तर! तिसऱ्या गिअरला,” ताई म्हणाल्या आणि सरकून त्यांच्याकडे वळल्या.

भाची कॉफी घेऊन आली, तिने प्यायली, ताईंची निवली. गाडी तयार असल्याचा निरोप येऊन अर्धा तास होऊन गेला होता, पण ते दोघं अजून टॅक्सीच्या दुसऱ्या इंजिनापर्यंतच पोचले होते.