भिंतीवरचे दोन चौकोन

रंगाऱ्याने आप्पांच्या खोलीत भिंतीवर दोन चौकोन रंगवून ठेवलेत, एक गडद निळा आणि एक गडद कॉफी. "दोन दिवस बघा आणि सांगा," म्हणून तो गेला. मी येता-जाता बघते आणि चिडते. असले काळपट रंग मला मुळात नकोच होते. पण आप्पा, म्हणजे माझे वडील, हल्ली भिंत धरत धरत चालतात. पांढऱ्या भिंतीवर त्यांच्या हातांचे मळकट पट्टे उमटलेत, पलंगापासून थेट मोरीपर्यंत. जुने पट्टे माझ्या खांद्याच्या उंचीवर आहेत, अलीकडचे कमरेपाशी आलेत. माणूस वाकत चाललाय हे रोज त्याच्याकडे बघून कळत नाही, भिंतीकडे बघून कळतं. आणि नेमकं तेच दिसू नये म्हणून मी गडद रंग निवडायला बसलेय. कोणत्या रंगात कमी दिसेल, एवढाच काय तो प्रश्न.

आज दुपारी आप्पा पलंगावर उठून बसले आणि त्या चौकोनांकडे बघत राहिले.

"खिडक्या लावा बाई," ते मला म्हणाले. "बाहेर अंधार पडला."

बाहेर लख्ख ऊन होतं. समजावत बसायचं त्राण माझ्यात नव्हतं. "लावते," म्हटलं आणि निळ्या चौकोनावर हात ठेवला.

"ती राहू द्या उघडी," ते घाईघाईने म्हणाले. "आमची सुमा यायचीय अजून."

मी, त्यांची सुमा, निळ्यावरचा हात काढला आणि कॉफीची खिडकी लावली.