लाखंची बोरमाळ

अयोध्याबाईला राग आला की ती बोलत नाही, पोळ्या पातळ लाटते. मेसमधल्या पोरांना हे बरोबर माहिती झालंय. ताटात कागदासारखी पोळी आली की पोरं एकमेकांकडं बघतात आणि भाजीला नावं न ठेवता गप जेवून उठतात. यंदा नागपंचमी करून ती माहेराहून परत आली आणि सलग आठ दिवस पोळी अशी आली की खालून ताट दिसत होतं.

लातूरला ट्यूशनसाठी आलेल्या पोरांच्या तीन मेसमध्ये मिळून ती दिवसाला चारशे पोळ्या लाटते. सतरा वर्षं झाली. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला माहेरी, रेणापूरच्या पुढच्या खेड्यात, आणून सोडलं तेव्हा ती तीस वर्षांची होती. त्या आठवड्यात तिच्या आईनं, भामाबाईनं, कोणालाच न विचारता गळ्यातली बोरमाळ काढली, सराफाकडं जाऊन मोडली आणि आलेले पैसे लेकीच्या पदरात बांधले. त्यातून लातूरला खोली झाली, गॅस झाला, मोठा तवा आला. बस, एवढंच झालं. पण ह्या एवढ्याचं तिच्या भावानं, श्रीमंतनं, सतरा वर्षं नुसतं दळण दळलंय.

"आईच्या गळ्यातलं खाऊन लातूरला गेली."

पंचमीला म्हणायचं, दिवाळीला म्हणायचं, पाहुणे आले की हसत हसत म्हणायचं. घर ह्याला, रान ह्याला, बोअर ह्याला, आणि बहिणीनं काय खाल्लं तर बोरमाळ. बरं, आईच्या समोर कधीच नाही. आई चुलीकडं गेली की मग.

आणि खरं दुखणं तर पुढंच आहे. सहा वर्षांपूर्वी बाप वारला. आईच्या गळ्यातली काळी पोत काढली. तिकडं कसंय, नवरा गेला की काळे मणी जातात, पण बोरमाळ राहते, नुसत्या सोन्याच्या मण्याला कोणी काही म्हणत नाही. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात ती असते, पिवळी, मळकी, लाल दोऱ्यात ओवलेली. भामाबाईचा गळा मात्र त्या दिवशी सपाट उघडा पडला. बाया रडत होत्या आणि तेवढ्यात श्रीमंतची बायको पुनम शेजारणीला म्हणाली, "आत्याबाईचा गळा तर लेकीनं आदीच मोकळा केलता."

अयोध्याबाईनं ते ऐकलं. बापाचं मढं दारात होतं म्हणून गप बसली. पण यंदाच्या पंचमीला पुनमनं तेच परत म्हटलं, झोका खेळायला आलेल्या पोरीबाळींसमोर, आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. तेव्हा अयोध्याबाईनं ठरवलं की दसऱ्याच्या आत आईच्या गळ्यात बोरमाळ घालायची. खरी. सोन्याची. मग कोणाचं तोंड उघडतंय ते बघू.

भिशी लागली होती, वर चार महिन्यांची मजुरी राखून ठेवलेली. सगळे मिळून चाळीस हजार. सोनं तर तोळ्याला लाखाच्या कितीतरी पुढं निघून गेलंय, चाळीस हजारात भरीव माळेचा दोरासुद्धा येत नाही. पण आईची जुनी माळ भरीव नव्हतीच. मणी आतून पोकळ, पातळ पत्र्याचे, आणि चेपू नयेत म्हणून आत लाख भरलेली. सोनं थोडं, माळ गळाभर. आपल्या आज्या-पणज्या काही खुळ्या नव्हत्या. कमी पैशात अंगभर कसं दिसायचं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

सोमवारी दुपारी पोळ्या उरकून, तोंड धुऊन, ठेवणीतली साडी नेसून ती गंजगोलाईच्या बाजारात गेली आणि सगळ्यात मोठ्या काचेच्या दुकानात शिरली. दारात एक पोरगी उभी होती, केस चापून बसवलेले, तोंडावर हसू.

"काय बघायचंय मॅडम?"

"लाखंची बोरमाळ दाखव बाई."

पोरगीचे डोळेच मोठे झाले. "लाखाची? या ना, वरच्या मजल्यावर या."

वरच्या मजल्यावर एसी होता. सोफा होता. पाण्याची बाटली आली, सीलबंद. मग चहा आला, वेलचीचा, बशीत दोन बिस्किटं. अयोध्याबाईला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बसायला सांगून चहा देत होतं. तिला वाटलं, लोक उगीच ह्या दुकानांना नावं ठेवतात, चांगली माणसं हायेत की. पोरगीनं मखमलीचा ट्रे पुढं ठेवला. तीन माळा, एकीपेक्षा एक.

अयोध्याबाईनं एक उचलली. "ह्याच्यात लाख किती?"

"एकच लाख मॅडम, वर थोडे. एक लाख बारा हजार."

"आगं, भावाचं न्हाई. आत लाख किती हाय म्हणलं."

"आत म्हणजे मेकिंग चार्जेस धरूनच सांगायलेय ना मी."

"आगं माय, लाख. मण्यात भरायची लाख. काळी-लाल असती ती. बांगड्याची असती बघ."

पोरगीचं हसू तिथंच थांबलं. तिनं मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजर आला, पोट आधी आणि माणूस नंतर. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो हसला, मोठ्यानं नाही, नाकातून.

"मावशी, लाखेचं वेगळं आणि लाखाचं वेगळं. लाखेचं आम्ही ठेवत नाही. बजेट काय आहे तुमचं?"

आत्ता पाच मिनिटांपूर्वी मॅडम होती. आता मावशी.

"चाळीस हजार."

"मग असं करा, खाली वन ग्रामचं काउंटर आहे. हजार-दीड हजारात काम होतं. डिट्टो असंच दिसतं. घालून गेलात तर कोणाला कळणार पण नाही."

"मला कळंल की."

"अहो, पण गळा कोणाचा बघतंय कोण आजकाल."

आणि एवढं बोलणं होईस्तोवर त्या पोरगीनं चहाचा ट्रे उचलून नेला. कपात अर्धा चहा होता. एक बिस्किट तसंच होतं. ह्या गोष्टीचा जेवढा राग अयोध्याबाईला आला ना, तेवढा नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा पण आला नव्हता. घोटभर चहा. तो पण तिच्या तोंडचा नव्हता, लाखाचा होता.

ती उठली. जिन्याशी एक वेगळं काचेचं कपाट होतं, वर लिहिलेलं 'हेरिटेज', आतून पिवळे लाईट सोडलेले. त्यात एक बोरमाळ होती, मुद्दाम जुनी दिसावी अशी केलेली, लाल गोंड्याची. चिठ्ठीवर चौदा ग्रॅम.

"ही द्या जरा हातात."

मॅनेजरनं कटकट मिटावी म्हणून दिली. अयोध्याबाईनं ती तळहातावर घेतली आणि हात हलकाच वरखाली केला. कणकेचा गोळा तोडून तोडून तिच्या हाताला वजन कळतं, दोन पोळ्यांत सुपारीएवढा फरक पडला तरी कळतं. माळ वजनाला होती खरी. पण तिनं एक मणी उजेडाकडं धरला, दोऱ्याच्या भोकात नख घातलं, आणि नखाला बारीक काळपट-लाल कण लागून आला.

"हे काय हाय?"

"ते पॉलिशचं असतं मावशी."

"पॉलिश असं असतंय का? ही लाख हाय. तुमी आताच म्हणलाव की आमी लाखंचं ठेवत न्हाई. चौदा ग्रॅम लावलंय, त्यात लाख किती आन् सोनं किती? लाखंला सोन्याचा भाव लावायलाव का?"

"हळू बोला."

"मी हळूच बोलायलेय. सोन्याचं वजन येगळं लिहून द्या, लाखंचं येगळं. लिहा पावतीवर."

"तुम्हाला घ्यायचंय का? नाही ना? मग कशाला पंचायत."

शेजारी एक जोडपं बसलेलं, सुनेसाठी काहीतरी बघायलेलं. त्यातल्या बाईनं आपल्या हातातला हार उजेडाकडं धरला आणि नवऱ्याला म्हणाली, "ओ, ह्याच्या आत काय हाय ते इचारा की आदी." मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. अयोध्याबाईनं माळ काचेवर ठेवली, आपटली नाही, आपटावी वाटत होती तरी नाही, आणि जिना उतरली.

गंजगोलाईच्या मागच्या बोळात मलप्पा सोनार बसतो. उदगीरकडचा म्हातारा. एक शेगडी, एक फुंकणी, एक ऐरण, आणि तो. मेसला भाजी देणारीनं त्याचं नाव सांगितलेलं होतं, पण अयोध्याबाईला आधी मोठ्या दुकानात जायचं होतं. आईसाठी घ्यायचंय तर चांगल्या ठिकाणाहून, असं वाटलं होतं तिला.

"लाखंची बोरमाळ करता का?" तिनं दारातूनच विचारलं, जणू त्यानंच काहीतरी केलंय.

"आत लाखच भरत्यात अक्का. पुरण भरू का मग?"

"सोनं किती, लाख किती, आदी सांगायचं. मला येड्यात काढायचं न्हाई. मी आताच एकाला सरळ करून आलेय."

मलप्पानं चष्मा वर केला. "भांडायला आलीस का माळ करायला?"

"दोन्हीला."

"बस मग. भांडण आदी उरकू, माळेला टाइम लागतो."

तिला हसू आलं नाही, पण बसली. मलप्पानं त्याची रीत सांगितली. मणी आधी रिकामे घडवायचे, तिच्यासमोर तराजूत टाकायचे, जे भरेल त्याचेच पैसे आणि मजुरी. मग तिच्यासमोर लाख भरायची, आणि मग परत तोलायचं. दोन्ही वजनं कागदावर. "लाख फुकट," तो म्हणाला, "ती झाडाची हाय, माझी न्हाई." सगळं धरून चाळीस हजारात बसलं, मणी आईच्या जुन्या माळेपेक्षा बारीक येणार होते, तेवढंच. "गरम पाण्यात घालायची न्हाई मात्र. लाख सुटून येती, मणी चेपत्यात. आईला सांग."

पंधरा दिवस ती रोज दुपारी जाऊन बसली. विश्वास नव्हता म्हणून नाही. होता. पण राग असा होता की तिला प्रत्येक मणी डोळ्यानं बघायचा होता.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती गावाकडं गेली. मुद्दाम जेवायच्या वेळेला, सगळे घरात असताना. श्रीमंत ताटावर बसलेला, पुनम वाढत होती, भामाबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत होती. अयोध्याबाईनं पिशवीतून डबी काढली, उघडली आणि ती आईसमोर नाही, श्रीमंतच्या ताटाशेजारी ठेवली.

"बघ. नीट बघ. कागद पण हाय सोबत. सतरा वर्षं म्हणायलास ना, आईच्या गळ्यातलं खाल्लं. घे. आणलं परत."

पुनमनं माळ उचलली, हातात झेलून बघितली. "हलकीच हाय की ओ वन्सं. वन ग्राम का काय?"

"कागद वाच. येतंय ना वाचायला?"

"आता जेवताना कशाला काढलीस," श्रीमंत म्हणाला, ताटातच बघत. "मी आपलं गमतीनं म्हणत असतो."

"काय म्हणत असतोस?" भामाबाईनं विचारलं.

शेंगा फोडायचा आवाज बंद झाला होता.

"मी इचारलं काय म्हणत असतोस. अयोध्या, तू सांग."

अयोध्याबाईनं सांगितलं. पंचमीचं, दिवाळीचं, आणि बापाच्या मढ्याजवळचं पण. सांगताना तिचा आवाज चढत गेला आणि शेवटी शेवटी तर ती ओरडतच होती.

भामाबाई उठली, हाताची फोलपटं झटकली. श्रीमंतसमोर येऊन उभी राहिली. "ती माळ माज्या मायनं मला घातलेली. तुज्या बापानं न्हाई, तू न्हाई. मी मोडली. माज्या लेकीसाठी मोडली. तुला कोणी इचारलं व्हतं का? मला इचारलंस का कधी, माय, तुला माळ पायजे का म्हणून? सतरा वर्षं माजा गळा दिसला तुला, आन् एक मणी आणला न्हाईस."

श्रीमंत ताटावरून उठला. हात न धुताच बाहेर गेला.

अयोध्याबाईला वाटलं, झालं. इतक्या वर्षांचं झालं. तिनं माळ उचलली आणि आईच्या मागं गेली बांधायला. भामाबाईनं तिचा हात धरला.

"थांब. माज्या गळ्यात घालायलीस का त्याच्या तोंडावर मारायलीस?"

अयोध्याबाईनं माळ मुठीत घेतली.

"त्याच्या ताटाजवळ ठिवलीस. मी इथं बसलेली. तू बी त्याच्यासारखीच, माज्या गळ्यावर भांडायलीस."

हे मात्र तिला लागलं. मॅनेजरचं नाकातलं हसू लागलं नव्हतं एवढं लागलं. डोळ्यात पाणी आलं आणि त्याचा पण राग आला. भामाबाई तशीच पाठमोरी उभी राहिली, थोड्या वेळानं तिनं पदर मानेवरून बाजूला केला.

"बांध. गाठ घट्ट दे."

अयोध्याबाईनं बांधली. मान सुरकुतलेली, केस पांढरे, आणि बारीक बारीक मणी. भामाबाईनं एकदा हातानं चाचपून बघितलं, आरसा मागितला नाही. मग सुनेला म्हणाली, "ताट वाढ तिला. लातूरहून आलीय," आणि परत उंबऱ्याशी जाऊन शेंगा फोडत बसली. लेकीशी संध्याकाळच्या एसटीपर्यंत एक शब्द बोलली नाही.