टेपच्या जाळीतलं तूस

मिक्सरच्या बुडाच्या फटी साफ करायला घेतल्या की माझं काम लांबतच जातं. मुली वैतागतात, "आई, फेक ना तो, नवीन आण!" फेक म्हणे! ह्यांना काय ठाऊक, एकेका फटीसाठी आमच्या घरात केवढा सोहळा असायचा. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अशी आठवण दाटून येते की हातातली काडी हातातच राहते.

आम्ही धुळ्याकडची माणसं, पोटासाठी परराज्यात आलेली. भेस्तानला लूमच्या खात्याला, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्याला, लागून आमची एकच खोली होती, आणि अण्णा त्याच खात्यात लूम चालवायचे. ते घरी आले की केसांतून, कपड्यांतून धाग्याचं बारीक तूस यायचं आणि जाऊन बसायचं नेमकं टेपमध्ये. टेप म्हणजे घरातली एकुलती एक चैन. अण्णांचा सगळा जीव त्यात.

नव्वदनंतरची ती वर्षं असतील. टेपचा आवाज बसला, अशी त्यांची तक्रार सुरू झाली. मग दर सुट्टीला टेप उघडायचा. मागाच्या फणीतून धागा ओढायची एक चपटी आकडी त्यांनी खात्यातून आणलेली. तिला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळून ते स्पीकरच्या जाळीमागचा कोपरान् कोपरा पुसत. बटणांच्या खाचांना हजामतीचा ब्रश, आणि शेवटी सायकलच्या पंपानं हवा. तोवर आम्ही श्वाससुद्धा घ्यायचा नाही! मग सगळं जोडून, हात धुऊन येत आणि टेप लावत. "देख, कितला कचरा निंघना! आते कसा मोकळा आवाज!"

माय मान डोलवायची. एकदा मी तिला पकडलं. अण्णा हात धुवायला मोरीवर गेले आणि हिनं आवाजाचं बटण हळूच थोडं पुढं फिरवलं. अहो, टेपला काही झालंच नव्हतं. बसले होते ते अण्णांचे कान, लूमच्या त्या खडखडाटानं. मी तोंड उघडणार, तर माय डोळे वटारून म्हणाली, "तू उगी राय."

पण बटण फिरून फिरून किती फिरणार? एका सुट्टीला ते पार टोकाला गेलं. मामानं गावाकडून अहिराणी गमतीच्या किश्श्यांची कोरी करकरीत कॅसेट आणली होती. घासूनपुसून अण्णांनी टेप लावला, तशी खोली दणाणली. धाकट्या बहिणीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. अण्णांनी जाळीला कान लावला. मग तिच्याकडे पाहिलं, मग मायकडे. माय पदर तोंडाला लावून दाराकडे बघत बसली.

आमच्या कानांना बरं वाटेल इतकं बटण अण्णांनीच मागं फिरवलं आणि आमच्यासमोर मांडी घालून बसले. किस्सा रंगला, आम्ही हसलो. आमचे चेहरे बघून अण्णाही हसले, पण जरासे उशिरा. त्यानंतर टेप त्यांनी कधी उघडला नाही. कॅसेट मात्र रोज लावायला सांगायचे, आणि मी मुद्दाम मोठ्यानं हसायचे, त्यांना वेळेवर कळावं म्हणून.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात कुणी काही गंमत सांगतं, सगळे हसून मोकळे होतात, तरी मी जराशी थांबते. एक हसू अजून यायचं बाकी असतं.