नाव तेवढं राहिलं

ट्रामच्या थांब्यावर काल एका अनोळखी माणसाने मराठीत विचारलं, "गाव कुठलं, ताई?" आणि मी विरघळलेच. या परक्या शहरातून मी मराठी पेपरांना लेख पाठवते. नोकरी कुठेच नाही, त्यामुळे पाठीशीही कोणी नाही. आणि मागचा लेख काहींना चांगलाच झोंबला होता.

"आईबाबा तिथेच असतात? इथे राहता कुठे?" तो विचारत गेला. परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस आधी दार उघडतो, कोण आहे ते नंतर बघतो. लोकांना बोलतं करून पोट भरणारी मी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या चर्चपर्यंत सगळं सांगत सुटले.

आज चहा टाकताना ते चर्च दिसलं आणि हात थांबला. त्याने सगळं विचारलं होतं. नाव तेवढं विचारलं नव्हतं.