काकांचा आवाज

काका जिना चढायला लागले की वर माझ्या स्टुडिओत हेडफोन लावून बसलेल्या माणसालाही ते कळायचं. उभी हयात त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती. गच्च भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज निवृत्तीनंतरही उतरला नव्हता. "सर, हायत का?" असं ते दारातून विचारायचे आणि समोरच्या लॉजचा मॅनेजर खिडकीतून डोकावायचा.

तुळजापुरात मी गाणी रेकॉर्ड करतो आणि त्याचं सॉफ्टवेअर एकेकाला शिकवतो. येणारी बहुतेक पोरं देवीच्या गाण्याला ठेका कसा जोडायचा ते शिकायला येतात. काका जवळच्या अणदूर गावाहून आले ते मोबाइलमधलं एक गाणं घेऊन. नातीच्या बारशाला काकूंनी स्वतः रचलेला पाळणा म्हटला होता आणि लेकीनं तो मोबाइलवर घेतला होता. पुढं काकू अचानक गेल्या. तो पाळणा दुसऱ्या कुणालाच येत नव्हता.

"ह्यातून एक आवाज काढायचाय," काका म्हणाले.

"कुणाचा?"

"माझा."

मी गाणं लावलं. दोन कडवी स्वच्छ होती. तिसऱ्याला काकांचा फोन वाजला आणि ते मंडपवाल्यावर ओरडू लागले. खुर्च्या कमी आल्यात, टेम्पो कुठं अडकला, हे थेट शेवटपर्यंत. त्याखाली काकू गातच होत्या, पण शब्द एकही लागत नव्हता.

"ठेवून जा, मी बघतो," मी म्हटलं.

"न्हाय सर. घोळ म्या घातलाय, निस्तरतो बी म्याच. तुमी फकस्त शिकवा."

मग शिकवणी सुरू झाली. पडद्यावरच्या आवाजाच्या रेषेकडं बोट करून ते विचारायचे, "ह्यात ती कुठली अन् म्या कुठला?" दोघं एकाच रेषेत आहात, हे सांगताना मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. पंख्याची घरघर कमी करायला ते शिकले, कापायला-जोडायला शिकले. स्वतःचा आवाज सुरू झाला की मात्र पुटपुटायचे, "गप की रं जरा."

सॉफ्टवेअरमधली आवाज वेगळे करणारी नवी सोय मी वापरून पाहिली. काकांचा आवाज निघाला खरा, पण काकूंचा आवाज पत्र्यासारखा झाला. काकांनी हेडफोन काढून ठेवला. "ही आमची न्हाय."

"शब्द आठवतात का थोडे?"

"रोज काय ना काय म्हनायची. म्या कधी कान दिला न्हाय."

माझ्याकडं शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ते येत राहिले आणि मीही नको म्हणालो नाही. एके दिवशी त्यांनी तिसरं कडवं निवडलं, पुसायच्या बटणावर बोट ठेवलं.

"हे काढलं तर ती बी जाती न्हवं?"

"हो, काका."

त्यांनी बोट उचललं. मग सगळं गाणं जसंच्या तसं, स्वतःच्या हातानं लेकीला पाठवलं.

"नात मोठी झाल्यावर इचारंल, मधी कोन वरडतंय. लेक सांगंल, हा तुझा आजा." ते उठले, दाराशी थांबले. "पर आजी काय म्हनत हुती, आसं इचारलं तर काय सांगावं, सर?"

काकांनी चपला घातल्या आणि ते अणदूरची गाडी धरायला निघाले. त्यानंतर ते आले नाहीत.