सानमेइआजींच्या लग्नाचा फोटो

मेइनोंग गावच्या शाळेत क्वेइह्वाने आयुष्यभर पोरांसाठी रांधलं. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. एकदा तिने सासऱ्यांच्या फोटोवरची बुरशी मऊ कुंचल्याने हलकेच झाडली, तर म्हाताऱ्याचा चेहरा उजळून निघाला. तेव्हापासून गावातले जुने फोटो तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊ लागले. पाऊस सरून हवा कोरडी झाली की ती कामाला बसे. पंखा बंद, चहा लांब, नवरा त्याहून लांब.

त्या हिवाळ्यात शेजारचा तेमिंग आईच्या लग्नाचा फोटो घेऊन आला. त्याची आई, सानमेइआजी, नव्वदीची होत होती आणि वाढदिवसाला फोटो भिंतीवर लावायचा बेत होता. नवरीचं तोंड बुरशीने झाकलं होतं. शेजारी नवरदेव गाल फुगवून, डोळे वटारून उभा, आजूबाजूला सगळं घराणं. बाबा लग्नातही चिडलेलेच होते, असं तेमिंग म्हणाला.

फोटोत हाताने रंग भरलेले, म्हणून पाणी लावायची सोय नव्हती. क्वेइह्वा दिवसचे दिवस कोरडा कुंचला फिरवत राहिली. आधी हनुवटी दिसली, मग ओठ, मग दात. नवरी तोंडभर हसत होती.

तेमिंग चाट पडला. सगळं घराणं खांब गिळल्यासारखं उभं आणि आई खिदळतेय, हे पाहुण्यांपुढे कसं लावायचं? क्वेइह्वा त्याच्याशी वाद घालत बसली नाही. तिने फोटो उचलला आणि थेट आजींपुढे ठेवला. तेमिंगही मागोमाग आला.

आजींनी भिंग धरलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"हा चिडलेला नाही रे, शिंक दाबून धरलीय त्याने. फोटोवाल्याने हलायचं नाही म्हणून दम भरला होता. हा माझ्या कानात म्हणतो, 'सानमेइ, आता मी फुटणार.' मग मला कुठलं हसू आवरतंय?"

"मग शिंकले का बाबा?"

"फोटो निघाल्यावर. तुझ्या आजीच्या अंबाड्यातली फुलं उडाली. म्हणून तर तिने फोटो पेटीच्या तळाशी टाकला."

तेमिंग हसता हसता खाली बसला. असे बाबा त्याला कधी भेटलेच नव्हते.

क्वेइह्वाने काचेला चिकटणार नाही अशा बेताने फोटो चौकटीत बसवला आणि उन्हापासून दूर भिंतीवर लावला. वाढदिवसाला जो तो त्याखाली गाल फुगवून उभा राहत होता. आजींनी क्वेइह्वाला शेजारी बसवलं, तिच्या वाटीत कोंबडीची तंगडी वाढली आणि म्हणाल्या, "आज तू रांधायचं नाहीस, फक्त जेवायचंस."